लोडरवर नवा आहेस ना? मग आधी एवढंच बघ

उद्यमबागेत लेझर कटिंगच्या ऑटो लोडरवर (थप्पीतला पत्रा सक्शन कपांनी उचलून मशीनवर ठेवतो तो) लागलास, बरं झालं. प्रोग्रामिंगची घाई नको. आधी एकच शत्रू ओळख: दोन पत्रे चिकटून वर येणं. तेलाच्या थराने ते एकमेकांना धरतात, आणि बेळगावच्या पावसाळ्यात थप्पीत ओल शिरली की विचारूच नकोस.

1 मिमी जाडीचा 2500 × 1250 मिमीचा एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद) पत्रा साधारण साडेचोवीस किलोचा. खाली दुसरा लटकला तर कधी सुटेल सांगता येत नाही. माझा पहिल्याच महिन्यात धाडकन सुटला. डबल शीटचा सेन्सर सारखा ओरडतो म्हणून मीच बंद करून ठेवला होता की!

नवी पोरं चुकतात ती इथं:
- मशीनला जाडी सांगतात एक, थप्पी दुसरीच.
- सक्शन कपची कड बोटाने चाचपत नाहीत. बारीक चीर असली तरी व्हॅक्यूम गळतो.
- पत्रे सुटे करणारे चुंबक एमएसला चालतात. 304 स्टेनलेस, ॲल्युमिनियमला नाही. तिथं हवेचा झोत मारायचा, कोपरा आधी उचलून घ्यायचा.

आणि उचललेल्या पत्र्याखाली हात? कधीच नाही, ऑपरेटर कितीही जुना असू दे. कपांची मांडणी नंतर सांगतो. उद्या आधी थप्पीची जाडी मोजून बघ.