जुने व्हिडिओ गेम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एमजी रोडवरच्या एका दुकानात निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या मशिनची ‘पोकेमॉन एमराल्ड’ कॅसेट विकायला आहे. दुकानदार ओरिजिनलचा भाव सांगतो. खात्री कशी करावी? (इंदिरानगर)

उत्तर : खात्री करता येते, पण ती पैसे देण्याआधी. या गेमच्या नकला इतक्या सुटल्या आहेत, की हातात आलेली कॅसेट नकलीच आहे असं धरूनच तपासायला घ्या.

लेबल उजेडात तिरकं धरा. ओरिजिनलवर दोन आकडे, कधी जोडीला एक अक्षर, नुसते दाबून उमटवलेले असतात. त्यांना शाई नसते. मग खालच्या तोंडातून आत बघा. सोनेरी पिनांच्या लगेच वर, बोर्डवर निन्टेन्डो हे नाव दिसलं पाहिजे. मात्र चांगल्या नकलांवर हल्ली या दोन्ही खुणा येतात, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका.

कॅसेट लावून गेम सुरू करा. आतली बॅटरी संपली आहे, खेळता येईल पण घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी होणार नाहीत, असा इंग्रजी संदेश आला तर घाबरू नका, ओरिजिनलमध्येही जुनी बॅटरी संपली की तो येतो. पण घड्याळ नसलेल्या नकलांवरही तो येऊ शकतो, म्हणून तो पुरावा धरू नका. एमराल्डमधली सीआर1616 बॅटरी फक्त घड्याळ चालवते. सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला याची नोंद, वेगळ्या फ्लॅश मेमरीत राहतं, म्हणून बॅटरी संपली तरी ते पुसलं जात नाही. बऱ्याच नकलांमध्ये सेव्हच बॅटरीच्या भरवशावर असतं. काही महिन्यांत बॅटरी बसली की सगळा खेळ पहिल्यापासून. संदेश आला नाही तर बॅटरी कोणी बदलली का, ते विचारा.

शेवटचा पुरावा आतला. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा असतो, त्याला ट्राय-विंग स्क्रूड्रायव्हर लागतो. ओरिजिनल बोर्डवर पाय असलेल्या चौकोनी चिप दिसतात. चिपच्या जागी डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा दिसला, तर नक्कल. दुकानदार स्वतःच्या हाताने उघडून दाखवायलाही तयार नसेल, तर ओरिजिनलचा भाव देऊ नका.

पोकेमॉनच्याच जुन्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ कॅसेटचा हिशेब वेगळा आहे. त्यांत सीआर2025 बॅटरीच सेव्ह सांभाळते, त्यामुळे ती बदलली की जुनं सेव्ह जातं. तिथे सेव्ह टिकत नाही एवढ्यावरून कॅसेट नकली ठरत नाही.

प्रश्न : टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम विकायचा आहे. एलईडी टीव्हीवर गन चालत नाही, म्हणून दुकानदार भाव पाडतो. (नाशिकरोड)

उत्तर : गन बिघडलेली नसावी. ट्रिगर दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करून नेमाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो आणि गनमधला सेन्सर तो उजेड शोधतो. ही सगळी वेळ जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बेतलेली आहे. एलईडीवर चित्र थोडं उशिरा येतं, तेवढ्यात शोधण्याची वेळ निघून जाते. ट्यूबचा टीव्ही असलेल्या दुकानात नेऊन चालवून दाखवा.

नेण्याआधी कॅसेटच्या पिना 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलीने पिना गंजतात. पॉलिश पेपर तर अजिबात नको, वरचा मुलामाच निघतो. अ‍ॅडाप्टर हरवला असेल तर व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण मशिनवरच्या स्टिकरशी जुळवूनच दुसरा लावा. पिन बसली म्हणजे अ‍ॅडाप्टर जुळला असं नाही. उलट्या पोलॅरिटीने मशिन जळतं. आणि ‘9999 इन 1’ कॅसेटला वेगळा भाव मिळेल ही आशा ठेवू नका, त्यात मोजकेच गेम पुन्हा पुन्हा भरलेले असतात.

प्रश्न : अमेरिकेहून आणलेला प्लेस्टेशन 2 बुधवारच्या गोदाकाठच्या बाजारात स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का? (सातपूर)

उत्तर : मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका आणि विकणाऱ्यालाही लावू देऊ नका. त्यावर 120 व्होल्ट असेल तर आपल्या 230 व्होल्टवर तो लगेच जळेल. 100 वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, त्याचे पैसे किमतीतून वजा करा. 70000 मालिकेच्या स्लिमचा (पातळ मॉडेलचा) 8.5 व्होल्टचा अ‍ॅडाप्टर बाहेर असतो, तिथे अ‍ॅडाप्टरवरचा इनपुट बघा. शिवाय अमेरिकन मशिनवर आपल्याकडच्या पाल (आपल्या टीव्ही पद्धतीच्या) डिस्क चालत नाहीत.

बाजारात वीज नसते, म्हणून जवळच्या दुकानात चालवून बघण्याच्या अटीवरच सौदा करा. निळ्या तळाची सीडी आणि चंदेरी तळाची डीव्हीडी, दोन्ही लावा. लेन्स थकली की बऱ्याचदा एक प्रकार चालतो आणि दुसरा अडतो. किमान वीस मिनिटं खेळा, गरम झाल्यावरच दोष दिसतो.

प्रश्न : दुकानदार विक्रीच्या किमतीपेक्षा फारच कमी देतात. (पंचवटी)

उत्तर : देणारच. साफसफाई, दुरुस्ती, महिनोन्‌महिने पडून राहणारा माल आणि बिघडून परत येणारं मशिन, हे सगळं तो त्यातून भागवतो. रोखीऐवजी अदलाबदल केली तर सहसा जास्त पदरात पडतं. चांगल्या कॅसेट गठ्ठ्यात टाकू नका, त्यांचा भाव वेगळा ठरवा. मशिन देताना पावतीवर सिरियल नंबर, तारीख आणि ‘चालू स्थितीत दिले’ एवढं लिहून सही घ्या.