वाचकांचे प्रश्न : बाटलीवरची रेघ

प्रश्न : मी फार्मासिस्ट आहे. परिसरातल्या लोकांना आरोग्याची माहिती मिळावी म्हणून व्याख्यान ठेवलं, पण मोजकेच लोक आले. दुसरं काय करता येईल?

उत्तर : व्याख्यानाचा नाद सोडा. औषध हातात घेऊन माणूस काउंटरपाशी उभा असतो, तेव्हा त्याचे कान उघडे असतात. त्या दोन मिनिटांत एकच गोष्ट सांगा, आणि जमेल तिथे करून दाखवा.

लहान मुलांच्या अँटिबायोटिकची पावडरची बाटलीच घ्या. घरोघरी चुकतं ते इथे. आधी बाटली उलटसुलट आपटून तळाची पावडर मोकळी करायची. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी रेघेच्या निम्म्यापर्यंत घालायचं आणि जोरात हलवायचं. फेस बसू द्यायचा, मग रेघेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवायचं. एकदम पाणी ओतलं की फेसच रेघेला टेकतो. तो बसल्यावर पाणी कमी पडलेलं असतं आणि औषध कडक होतं. उलट काही जण पातळी खाली गेली म्हणून रोज रेघेपर्यंत पाणी भरतात, मग औषध फिकं होत जातं. प्रत्येक डोसाआधी बाटली हलवली नाही तर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे दाट. खोक्यावरची एक्सपायरी कोरड्या पावडरीची असते. कालवल्यावर किती दिवस चालेल आणि फ्रिजमध्ये ठेवायचं का, हे लेबलवर वाचून दाखवा. कालवल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहून द्या. माप सोबतच्या कपाने किंवा सिरिंजने, घरच्या चमच्याने नाही.

आणि ‘समजलं ना?’ असं विचारू नका, त्यावर सगळेच मान डोलावतात. ‘घरी गेल्यावर काय काय कराल, सांगा बघू’ म्हणा. चूक लगेच कळते.

प्रश्न : तापाची गोळी चालू असताना सर्दीची गोळी मागितली, तर केमिस्टने आधी जुनी स्ट्रिप दाखवायला सांगितली. ही नसती चौकशी नव्हे का?

उत्तर : नव्हे, त्यांनी योग्य तेच केलं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच. तापासाठी ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या घेतल्या की २६०० झाले. त्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेल्या सर्दीच्या तीन गोळ्यांचे १५०० मिळवले की ४१०० होतात. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन कमी असेल, दारूची सवय किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहूनही कमी. धोका यकृताला असतो, आणि पहिल्या दिवशी फारसं काही जाणवतही नाही. नावं वेगळी म्हणून औषधं वेगळी, असं धरून चालू नका. नावाखालच्या बारीक अक्षरांतला घटक वाचा.

प्रश्न : आईला तीन डॉक्टरांची औषधं आहेत. केमिस्टकडे काय विचारू?

उत्तर : चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या, काढे-चूर्णंसुद्धा. गर्दी नसेल ती वेळ गाठा. एकच घटक दोनदा येतोय का, आणि कोणत्या दोन गोळ्यांत अंतर हवं, हे विचारा. थायरॉईडची गोळी असेल तर कॅल्शियम किंवा लोह तिच्यानंतर चार तासांनी. दोनदा येणारी गोळी सापडली तरी ती परस्पर बंद करू नका. कागदावर लिहून घ्या आणि ज्या डॉक्टरांनी दिली, त्यांना दाखवा.