सिडनीतली बारावी: इंग्लिश अ‍ॅडव्हान्स्डची मॉड्यूल्स कोणत्या क्रमाने?

तुमच्या मुलीच्या शाळेत इंग्लिश अ‍ॅडव्हान्स्डचं (बारावीचा वरच्या पातळीचा इंग्लिश विषय) मॉड्यूल, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग, ए (दोन कृतींची तुलना) याच्या आधी बी (एका कृतीचा सखोल अभ्यास) घेतलं, म्हणून घाबरू नका. न्यू साउथ वेल्स या सिडनीच्या राज्याच्या 2017 च्या अभ्यासक्रमात (पहिली एचएससी 2019) फक्त कॉमन मॉड्यूल (इंग्लिशच्या इतर कोर्सेसनाही असलेला सामाईक भाग) आधी घ्यावं लागतं. पुढचा क्रम शाळा ठरवते. सी, म्हणजे लेखनाचं मॉड्यूल, बहुतेक ठिकाणी इतरांबरोबरच चालतं.

गुणांचं म्हणाल तर निम्मे शाळेचे, निम्मे बोर्डाच्या परीक्षेचे. पेपर एक 40 चा, तो सगळा कॉमन मॉड्यूलवर: 20 न वाचलेल्या उताऱ्यांना, 20 नेमलेल्या पुस्तकावरच्या निबंधाला. पेपर दोन 60 चा. ए, बी, सी प्रत्येकी 20, वेळ दोन तास. म्हणजे प्रत्येकाला चाळीसच मिनिटं! पाठ केलेला निबंध इथे हमखास फसतो, कारण प्रश्न मुद्दाम वाकडा विचारतात.