एफडीचं नंतर बघू, आधी ट्रकचं बोला

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका ताईंचं पत्र: "यजमान ३८ वर्षांचे, मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी, पगार २२ हजार. पाच महिन्यांपूर्वी शिरोलीजवळ ट्रकनं उडवलं, डोक्याला मार बसला. उजवा हात चालत नाही, शब्द सापडत नाहीत, पण भजनाची ओळ सुरात येते; घरात पेटी आहे. एक सेंटर ऑक्सिजन चेंबरची ४० सेशन, शिरोधारा आणि अ‍ॅक्युपंक्चरचे मिळून ३ लाख २० हजार मागतंय. दिवाळीपर्यंत कामावर जातील म्हणतात. ६ लाखांची एफडी मोडू का? ट्रकमालकानं दीड लाख दिले, म्हणून केस केली नाही."

ताई, शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं.

दीड लाख! अहो, ट्रकनं दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो तो याचसाठी. हिशेब करा. वर्षाचे २ लाख ६४ हजार, ३६ ते ४० वयाला कोर्ट १५ चा गुणक लावतं, म्हणजे वर्षाच्या कमाईला १५ नं गुणतं. कमाईची ताकद निम्मीच गेली असं धरलं तरी २० लाखांच्या घरात जातं, औषधपाणी वेगळं. पण एप्रिल २०२२ पासून भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहाच महिने मिळतात. या मुदतीवर सुप्रीम कोर्टात वाद आहे, त्या भरवशावर बसू नका. सोमवारीच कसबा बावड्याला न्यायसंकुलात जाऊन मोटार अपघात दाव्यांचा वकील गाठा. एफआयआर नसेल तर हॉस्पिटलची एमएलसी नोंद (अपघाताची पोलीस केस म्हणून केलेली नोंद) काढा. सही केलेला तडजोडीचा कागद असेल तर तोही दाखवा, लपवू नका. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

आता पॅकेज. महिन्याला घरखर्च १८ हजार, फिजिओ आणि स्पीच थेरपी १२ हजार धरू. ६ लाख वीस महिने पुरतात. पॅकेज घेतलंत तर नऊ. मेंदूची सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगानं होते, पण नंतरही चालू राहते. त्यामुळे फिजिओ मध्येच बंद पडणं परवडणार नाही. ऑक्सिजन चेंबरनं अशा दुखापतीत नक्की फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. दिवाळीची तारीख देणाऱ्याला ती लेटरहेडवर लिहून मागा, बघा देतो का. तेल-मालीश करायचंच तर न्यूरोसर्जनला विचारून, विशेषतः कवटीचं हाड काढलं असेल तर.

तुम्ही लिहिलंय, बोलता येत नाही पण भजनाची ओळ सुरात येते. हे स्पीच थेरपिस्टला आवर्जून सांगा, त्याचा व्यायामात उपयोग करून घेतात. पेटी घरात आहेच.