कुत्र्याच्या अंगावरचे रंग : हौस कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांची पांढरी पूडल कुत्री आहे. अमेरिकेतील ग्रूमिंगच्या, म्हणजे प्राण्यांचे केस कापून त्यांना सजवण्याच्या, स्पर्धांमध्ये पूडलच्या केसांतून वाघ, कोंबडा, डायनोसॉर असे आकार कापून ते रंगवतात, त्याच्या चित्रफिती माझ्या मुलीने पाहिल्या आणि या गणपतीत आपल्या कुत्रीलाही तसेच सजवायचे असा तिने हट्ट धरला आहे. एक पार्लर हे काम करून द्यायला तयार आहे. सासूबाई म्हणतात की हा मुक्या जिवाचा छळ आहे. मुलगी म्हणते की केस कापण्यात आणि रंगवण्यात दुखण्यासारखे काय आहे? मी कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुलीचे म्हणणे केसांपुरते खरे आहे. सासूबाई मात्र कुत्रीचा विचार करत आहेत, आणि माझा कौल, एका छोट्या अपवादासह, त्यांच्या बाजूने आहे.

पूडल ही जात कात्रीशिवाय नीट राहूच शकत नाही, हे आधी मान्य करायला हवे. तिचे केस सतत वाढतात, वेळेवर कापले नाहीत तर त्यांच्या जटा होतात आणि त्या जटा त्वचेला रात्रंदिवस ओढत राहतात. पाण्यात पडलेली शिकार आणण्यासाठी ही जात वापरली जात असे, तेव्हा पोहणे सोपे व्हावे म्हणून मागचे अंग भादरून छातीवर आणि सांध्यांवर उबेसाठी केस राखत. आज निव्वळ शोभेचा वाटणारा तो कट मूळचा या गरजेतून आला. म्हणून कुत्रा आपल्या डोळ्यांना विचित्र दिसतो एवढ्यावरून त्याचा छळ झाला असे ठरवणे मला न्याय्य वाटत नाही. कुत्र्याच्या डोळ्यांना मुख्यतः निळ्या आणि पिवळ्या छटा ओळखता येतात, त्यामुळे आपल्याला दिसणारा गुलाबी रंग तिला तसा दिसणारही नाही. 'तिला लाज वाटेल' ही भीतीही मी बाजूला ठेवीन. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की कुत्र्याच्या चेहऱ्यावरचा तथाकथित अपराधी भाव त्याने चूक केली की नाही यापेक्षा मालक रागावला की नाही यावर अवलंबून असतो. आपल्या दिसण्याबद्दल कुत्र्याला माणसासारखा संकोच वाटतो, असे मानायला मला आधार दिसत नाही.

खरा प्रश्न केसाखालच्या त्वचेचा आहे, आणि त्याहूनही अधिक टेबलावरच्या वेळेचा आहे.

कुत्र्याच्या त्वचेचा बाहेरचा पापुद्रा अवघ्या तीन ते पाच पेशींच्या थरांचा असतो, तर माणसाच्या त्वचेत हे थर दहा ते पंधरा असतात. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि कुत्र्याची उदासीन, म्हणजे ना आम्ल ना अल्कली अशा स्थितीच्या जवळ असते. त्यामुळे माणसांसाठी बनवलेला हेअर डाय, ज्यात अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असते, कुत्र्याच्या अंगावर फार वेगळे वागतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका लहान माल्टीज कुत्रीला माणसांच्या डायने जांभळे केले गेले; तिचे डोळे सुजून मिटले, केस काढल्यावर भाजलेली त्वचा सुटून येऊ लागली, आणि ती वाचली तरी उपचार सुमारे तीन महिने चालले. आपल्याकडे याहून सहज हाताशी येणारी वस्तू म्हणजे 'काळी मेहंदी'. नाव मेहंदीचे असले तरी अशा पुष्कळ पाकिटांमध्ये पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायअमाइन) हे केस काळे करणारे रसायन असते, जे पोटात गेल्यास माणसाच्याही जिवावर बेतते; आणि कुत्रा तर अंगाला लागलेली प्रत्येक गोष्ट चाटतो. म्हणून पार्लरचालकाला रंगाची बाटली दाखवायला सांगा, आणि त्याने टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा.

आता वेळेविषयी. पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे भरणाऱ्या ग्रूम एक्स्पोसारख्या मेळाव्यांत उतरणारे कुत्रे बहुतेक वेळा ग्रूमरच्या स्वतःच्या घरचे असतात. पिल्लू असल्यापासून त्यांना टेबलाची, कात्रीची आणि ड्रायरच्या आवाजाची सवय लावलेली असते, केस महिनोन्‌महिने वाढवलेले असतात आणि रंग आधीच टप्प्याटप्प्याने चढवलेला असतो. प्रत्यक्ष मंचावर उरतात ती दोन-अडीच तासांची कात्रीची कामे. आपल्या मुलीने पाहिला तो शेवटचा, सजलेला क्षण. त्यामागचे सगळे टप्पे एका दिवसात उरकायचे म्हटले, तर धुणे, वाळवणे, विंचरणे, रंग लावणे, तो मुरेपर्यंत थांबणे, पुन्हा धुणे, पुन्हा वाळवणे आणि शेवटी आकार कापणे एवढे सगळे त्या कुत्रीला उभ्याने सोसावे लागेल, आणि तिला ही सवय नाही.

'पण ती अगदी शांत उभी राहते हो,' असे मालक मला अनेकदा सांगतात. या वाक्याबद्दल मला सर्वात जास्त काळजी वाटते. ग्रूमिंगच्या टेबलावर कुत्र्याच्या गळ्यात एक फास असतो आणि तो वरच्या दांडीला अडकवलेला असतो. उडी मारून कुत्रा जखमी होऊ नये म्हणून तो आवश्यकही असतो. परंतु फासात उभा असलेला कुत्रा हलत नाही, याचा अर्थ त्याला ते आवडते असा होत नाही. बरेचसे घाबरलेले कुत्रे गुरगुरत नाहीत, ते गोठून जातात. तोंडात काही नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभया देणे, कान मागे पाडणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, उकाडा नसताना धापा टाकणे, या खुणा पाहायला शिकले पाहिजे. सर्वात सोपी परीक्षा अशी : दर दहा मिनिटांनी काम थांबवावे, फास सोडावा, कुत्रीला खाली उतरवावे आणि ती आपण होऊन परत जवळ येते की दाराकडे जाते हे पाहावे. जी कुत्री दाराकडे जाते तिला पुन्हा टेबलावर चढवून तिच्या अंगावर वाघ कापणे याला मी छळच म्हणेन, मग रंग कितीही निर्धोक असो.

आपल्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. भाद्रपदातील दमट हवेत दाट केस मुळापर्यंत वाळत नाहीत आणि त्वचेला संसर्ग होतो. शिवाय सजवलेली कुत्री घरात कोणी ठेवत नाही. तिला लोकांना दाखवायला बाहेर नेले जाते, अनोळखी हात तिच्या अंगावरून फिरतात आणि बाजूला ढोल-ताशे वाजत असतात. माणसापेक्षा कितीतरी तीक्ष्ण कानांच्या प्राण्यासाठी ही शिक्षा आहे.

वर म्हटलेला अपवाद हा : फक्त शेपटीचा गोंडा, पाळीव प्राण्यांसाठीच बनवलेल्या आणि धुतल्यावर जाणाऱ्या रंगाने, घरी, मुलीच्याच हाताने, पंधरा-वीस मिनिटांत रंगवायला माझी हरकत नाही. दोन दिवस आधी मांडीच्या आतल्या बाजूला थेंबभर रंग लावून त्वचा लाल होत नाही याची खात्री करून घ्यावी.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील एका तरुणाने आपल्या कुत्र्याला स्प्रेच्या रंगाने वाघासारखे पट्टे ओढून चित्रफितीसाठी फिरवले. याविरुद्ध कायद्याने काही करता येते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : प्राण्याला रंगवू नये असे नेमके शब्द आपल्या केंद्रीय कायद्यात नाहीत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये अनावश्यक वेदना देणे आणि जाणूनबुजून अपायकारक पदार्थ देणे हे गुन्हे आहेत, आणि भिंतीसाठी किंवा धातूसाठी असलेला स्प्रे त्यात बसू शकतो. मात्र पहिल्यांदा गुन्हा केल्यास दंड आहे दहा ते पन्नास रुपये. ही रक्कम कित्येक दशके तशीच राहिली आहे, याचा मला मनापासून संताप येतो.

अमेरिकेत काही ठिकाणी रंगवण्याविरुद्ध थेट नियम आहेत. ते आणण्यामागे ईस्टरच्या सुमारास विकली जाणारी रंगीत पिल्ले आणि ससे होते. आपल्या आठवडे बाजारांत टोपलीत मिळणारी हिरवी-गुलाबी कोंबडीची पिल्ले त्यातलीच. कोलोरॅडोतील बोल्डर शहरात २००८ मध्ये अशाच नियमाखाली एका महिलेवर कारवाई झाली. स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृती व्हावी म्हणून तिने आपल्या पूडलला बिटाच्या रसाने गुलाबी केले होते. फ्लोरिडातील आजचा कायदा याहून विचारपूर्वक केलेला आहे : कोणत्याही वयाचे पक्षी व ससे आणि बारा आठवड्यांखालील कोणताही प्राणी रंगवता येत नाही. आपल्याकडेही निदान एवढे तरी व्हावे.

चीनमध्ये २०२४ साली जिआंगसू प्रांतातील तायझोऊ येथील प्राणिसंग्रहालयाने चाऊ चाऊ जातीचे कुत्रे काळे-पांढरे रंगवून पांडा म्हणून लोकांपुढे ठेवले, तेव्हा माणसेही केस रंगवतातच, असे समर्थन झाले. माणूस न्हाव्याच्या खुर्चीतून उठून जाऊ शकतो, हा फरक त्या समर्थनात कुठेच नव्हता.

आपण त्या तरुणाशी आधी शांतपणे बोलावे आणि तो कोणता स्प्रे होता हे विचारून कुत्र्याला तातडीने पशुवैद्यकाकडे न्यायला लावावे. तक्रार त्यानंतर करता येईल. अंगावरचा रंग तोवर चाटला जात असतो.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्या पॉमेरेनियनला पार्लरमध्ये सिंहासारखा कट मारून आणला. आता दिवाळी आली तरी पाठीवर केस उगवलेले नाहीत.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : रंगाची चर्चा पुष्कळ होते, पण माझ्याकडे येणाऱ्या प्राण्यांत कातरण्याने झालेले नुकसान अधिक असते. पॉमेरेनियन, हस्की, गोल्डन रिट्रीव्हर या जातींना केसांचे दोन थर असतात. आतली दाट लव आणि बाहेरचे लांब केस मिळून थंडी आणि ऊन दोन्ही अडवतात. त्वचेपर्यंत भादरल्यावर हे कवच जाते, नागपूरचे ऊन थेट अंगावर येते, आणि पॉमेरेनियनमध्ये तर केस परत यायला वर्ष-दीड वर्षही लागू शकते. काहींचे ठिगळासारखे येतात.

थायरॉइडची आणि त्वचेच्या बुरशीची तपासणी करून घ्या, कारण केस न येण्याची ती कारणेही असू शकतात आणि त्यांच्यावर औषध आहे. दोन्ही ठीक निघाल्यास थांबणे एवढाच उपाय आहे. तोवर दुपारी बाहेर नेऊ नका, थंडीत पाठीवर सुती कपडा घाला, आणि पाठीला तेल किंवा माणसांची केसवाढीची औषधे चोळू नका. त्यांतले मिनॉक्सिडिल थोडेसे चाटले गेले तरी कुत्र्याच्या हृदयाला धोका होऊ शकतो.