अपघातात पाय मोडला आहे. वकील लावून नुकसानभरपाईचा दावा करावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय ३४, स्वतःची इलेक्ट्रिशियनची कामं. दुचाकीवरून जाताना चुकीच्या बाजूने आलेल्या कारने उडवलं, नडगीचं हाड मोडलं, आत रॉड आहे आणि दोन महिने घरी बसून आहात. कारवाल्याच्या घरचे म्हणतात, "हॉस्पिटलचं बिल आम्ही भरतो, तुम्ही तक्रार मागे घ्या." वॉर्डात एक जण वकिलाचं कार्ड देऊन "तीस टक्के आमचे, बाकी तुमचे" असं सांगून गेला. आणि घरातले म्हणतात, कोर्टाची पायरी चढायला नको.

दावा करा आणि वकीलही लावा, फक्त तो त्या कार्डावरचा नको. तडजोडीच्या कुठल्याही कागदावर आत्ता सही करू नका, मग तो कोणीही पुढे करो. मी निवृत्त होईपर्यंत एका विमा कंपनीच्या थर्ड पार्टी क्लेम विभागात, म्हणजे विमा असलेल्या गाडीमुळे इतरांना झालेल्या नुकसानीचे दावे बघणाऱ्या विभागात होतो. अशा फायली जखमी माणसाच्या विरुद्ध बाजूने वाचणं हेच माझं काम होतं, त्यामुळे कुठे पैसे वाचवले जातात आणि कुठे ते द्यावेच लागतात हे मला नीट माहीत आहे.

बहुतेक लोक हॉस्पिटलचं बिल समोर ठेवून विचार करतात. बिल एक लाख ऐंशी हजार, समोरचा दोन लाख द्यायला तयार, मग झालं की! पण तुमच्या प्रकरणात बिल हा सगळ्यांत छोटा भाग असू शकतो. मोठा प्रश्न असा, की उद्या शिडीवर चढून पंख्याची वायरिंग करता येणार आहे का? उकिडवं बसून जमिनीलगतचा बोर्ड बसवता येणार आहे का? सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हेच स्पष्ट केलं आहे. अवयवाला किती टक्के अपंगत्व आलं हा एक आकडा आणि त्यामुळे कमाईची क्षमता किती घटली हा दुसरा. डावा हात गमावलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. तोच हात गमावलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. दुखापत एकच असली तरी भरपाई वेगळी.

हिशेब कसा होतो तो तुमच्याच उदाहरणावर करून दाखवतो. समजा तुमचं उत्पन्न महिना २०,००० रुपये धरलं गेलं. स्वतंत्र काम करणाऱ्या चाळिशीखालच्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात (२०१७ चा प्रणय सेठी निकाल), म्हणजे २८,०००. वर्षाचे झाले ३,३६,०००. या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात, त्याला गुणक म्हणतात. वय ३१ ते ३५ साठी गुणक १६ आहे, तो २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातून येतो. गुणाकार ५३,७६,०००. कमाईची क्षमता १५ टक्के घटली असं न्यायाधिकरणाने (असे अपघाताचे दावे ऐकणाऱ्या कोर्टाने) मानलं तर यातले ८,०६,४०० रुपये तुमचे. ५ टक्केच मानली तर २,६८,८००. औषधोपचार, बुडालेली मजुरी, रॉड काढण्याच्या पुढच्या ऑपरेशनचा खर्च, वेदना व त्रास हे सगळं याखेरीज, आणि वर व्याज. सगळा वाद त्या एका टक्केवारीभोवती फिरतो, आणि ती तुमच्या बाजूने सिद्ध करून घेणं हे वकिलाचं खरं काम आहे. बाकीची कागदपत्रं चिकाटीचा माणूस स्वतःही गोळा करू शकतो.

ही टक्केवारी आज कोणालाच सांगता येणार नाही. हाड जुळायला वेळ लागतो, गुडघा किती वाकतो हे फिजिओथेरपी संपल्याशिवाय कळत नाही, आणि पाय आखूड झाला असेल तर तो चालायला लागल्यावरच जाणवतो. आमच्याकडे लवकर मिटलेल्या फायली स्वस्तात मिटायच्या, त्याचं कारण एवढंच. प्लास्टर निघायच्या आत सही केलेल्या माणसाला आपण नक्की काय सोडून देतोय हे माहीत नसायचं.

म्हणून तडजोडीला थांबा, पण दावा दाखल करायला थांबू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. ही मुदत २०१९ च्या दुरुस्तीने परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय हे खरं, पण दुसऱ्याच्या याचिकेच्या भरवशावर आपली तारीख कोणी चुकवू नये. तुमचे दोन महिने गेलेत. अर्ज अपघात झाला तिथेच करावा लागतो असंही नाही, तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही तो चालतो.

आता कागदांबद्दल, आणि इथे जरा थांबून बोलतो, कारण चांगले दावे मी इथेच पडलेले पाहिले आहेत. फाईल आली की आमच्याकडे आधी उघडला जायचा तो हॉस्पिटलचा पहिला केस पेपर, अपघात विभागात रात्रीच्या डॉक्टरने घाईत लिहिलेला. अपघात कसा झाला याची तिथे एक ओळ असते. पोलिसांची झंझट नको म्हणून सोबतचा मित्र सांगून जातो, 'गाडी घसरून पडला.' तेवढे शब्द त्या ओळीत गेले की विमा कंपनीचा वकील ते दोन वर्षांनी वाचून दाखवतो: स्वतःच घसरला, आमच्या गाडीचा संबंधच नाही. तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते आजच बघा. चुकीचं असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. एफआयआर, स्पॉट पंचनामा आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष यांच्या जोरावर ते सावरता येतं, पण लपवलं तर नाही.

दुसरा कागद अपंगत्वाच्या दाखल्याचा. ज्याने तुमच्यावर कधी उपचार केले नाहीत अशा डॉक्टरने भरभक्कम आकडा लिहून दिलेला दाखला घेऊन येणारे पुष्कळ असतात. असा डॉक्टर उलटतपासणीला उभा राहिला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पेशंट पहिल्यांदा कधी पाहिलात? दुसरा प्रश्न, हे टक्के पायाचे की पूर्ण शरीराचे? इथे बरेचसे दाखले गळपटतात. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचा किंवा सरकारी रुग्णालयाच्या मंडळाचा दाखला घ्या, आकडा कमी आला तरी चालेल. तो टिकतो.

तिसरी गोष्ट उत्पन्नाचा पुरावा. आयकर विवरणपत्र भरत नसाल तर बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयने आलेले पैसे, तुम्ही दिलेली बिलं, वायरमन परवाना असेल तर तो, नेहमी काम देणाऱ्या ठेकेदाराची साक्ष, असं सगळं जमवा. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं, आणि तो अंदाज सहसा तुमच्या खऱ्या कमाईपेक्षा कमी असतो.

तुमचा मेडिक्लेम असेल आणि त्यातून बिल भागलं असेल, तर उपचाराचा खर्च मागता येणार नाही असं कोणी सांगेल. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ठरवलं आहे की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही. तो हप्ता तुम्ही भरलेला असतो.

दावा करू नये किंवा वकिलाशिवाय भागतं असे प्रसंगही आहेत. टाके पडले, पंधरा दिवसांत माणूस कामाला लागला, तर कलम १४९ खाली विमा कंपनीने स्वतः मांडलेला प्रस्ताव बघा किंवा प्रकरण लोकअदालतीत मिटवा. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून सही मात्र समजून करा. ठोकणारं वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर कलम १६१ ची हिट अँड रन योजना आहे. गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख ठरलेले आहेत, त्यासाठी वकील करायची गरज नाही. चूक पूर्ण आपलीच असेल तर कलम १६६ चा उपयोग नाही, आपल्या पॉलिसीतलं वैयक्तिक अपघात कवच तपासा. समोरच्या गाडीचा विमाच नसेल तर निकाल लागूनही वसुलीसाठी मालकाच्या मागे फिरावं लागतं. म्हणून आधी त्या कारच्या विम्याची प्रत पोलीस ठाण्यातून मिळवा.

तुमच्याकडे आणखी एक आधार आहे. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापत ठरते आणि कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळू शकतात. पण ते स्वीकारले की कलम १६६ चा दावा संपतो. कारवाल्याच्या घरून येणाऱ्या दोन लाखांकडे या आकड्याशेजारी ठेवून बघा.

आता तो कार्डवाला. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. वॉर्डात दलाल पाठवून पक्षकार गोळा करणंही नियमात बसत नाही. हे सर्रास चालतं, हे मला माहीत आहे, आणि मला त्याची चीड आहे. आठ लाखांतले दोन लाख चाळीस हजार म्हणजे त्या माणसाच्या पायाची वाटणीच झाली. शिवाय टक्केवारीवाल्याला पुढची फाईल घ्यायची घाई असते. तो लवकर तडजोड करून मोकळा होतो.

जिल्हा न्यायालयात अपघाताचेच दावे चालवणारे वकील असतात. दोघांना भेटा. डॉक्टरची साक्ष स्वतः घेणार की ज्युनियर पाठवणार, हे विचारा. फी टप्प्याटप्प्याने ठरवा: अर्जाच्या वेळी इतके, साक्षीच्या वेळी इतके, निकालानंतर इतके, आणि पावती घ्या. वकीलपत्र वाचून सही करा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही मागितली तर उठून या. भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करावी असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे, त्यामुळे पासबुक आणि चेकबुक कोणाच्या हवाली करण्याचं कारणच उरत नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

कारवाल्याच्या घरच्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की माणसं बरी आहेत, त्यांना देशोधडीला लावायचं नाही. तशी वेळ येणार नाही. गाडीचा विमा आणि चालकाचं लायसन्स वैध असेल तर भरपाई विमा कंपनी देते, त्यांच्या खिशातून काही जात नाही. हे त्यांना शांतपणे समजावून सांगा, कारण बहुधा त्यांनाही ते ठाऊक नसतं. त्यांची खरी भीती फौजदारी खटल्याची आहे आणि तो विषय वेगळा. त्यांनी माणुसकीने औषधपाण्याला काही दिलं तर घ्या आणि साधी पावती द्या. पण 'संपूर्ण भरपाई मिळाली, आता काही तक्रार नाही' असा मजकूर स्टॅम्प पेपरवर लिहून देऊ नका. तसा कागद आमच्या हाती पडला की तो आम्ही न्यायाधिकरणासमोर ठेवायचोच.

आणि कोर्टाच्या पायरीबद्दल, घरच्यांसाठी. तारखा वकील बघतो. तुम्हाला मुख्यतः स्वतःच्या साक्षीला आणि उलटतपासणीला हजर राहावं लागतं. तिथे सफाईने बोलता यावं लागत नाही. अपघात कसा झाला, आधी कोणती कामं करत होतात, आता त्यातली कोणती जमत नाहीत, एवढं खरं खरं सांगायचं असतं. त्यासाठी आजपासून एक वही ठेवा. कुठलं काम नाकारावं लागलं, कुठे मदतनीस न्यावा लागला आणि त्याला किती दिले, ते तारखेसह लिहीत जा. आणि सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआर, पंचनामा आणि त्या कारच्या विम्याच्या प्रती मागा. पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे ९० दिवसांत पाठवायचा असतो, तो कुठवर आलाय हेही तिथेच विचारा.