आधी उजेड बघ

बाळा,

थर्डची रात्रपाळी सुटल्यावर बजाजनगरच्या टपरीवर तू म्हणालास, "काका, मी असा चिडका नव्हतो, माझा स्वभावच बिघडला." तेव्हाच बोलणार होतो, पण तुझे डोळे मिटायला लागले होते.

स्वभावाचं नंतर. आधी उजेड बघ.

मेंदूत पिनियल नावाची इवलीशी ग्रंथी आहे. अंधार पडला की ती मेलाटोनिन सोडते, अंगाला रात्र झाल्याचं कळतं. डोळ्यांत उजेड गेला की ती हात आखडते. तू सकाळी वाळूजचं ऊन डोळ्यांत घेत रूमवर जातोस, वर पडल्या पडल्या मोबाईल! झोप कुठून येणार? पाळी आठ दिवसांनी फिरते. आतलं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं. ते जुळेपर्यंत फर्स्ट येते.

माणसं सारखी नसतात, हे खरं. 1976 साली हॉर्न आणि ऑस्टबर्ग या संशोधकांनी 19 प्रश्न काढले, कोण पहाटेचा आणि कोण रात्रीचा ते ओळखायला. पहाटेच्या माणसात मेलाटोनिन लवकर चढतं, त्याला थर्ड जास्त जड जाते. तू पहाटेचा, मीही. गावाकडं शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते म्हणून आपण रात्री पिकाला पाणी द्यायला दारं धरतो, तेवढ्यानं कुणी घुबड होत नाही.

हे मी रिटायर झाल्यावर वाचलं. त्याआधी 22 वर्षं पत्र्याच्या खोलीत, उघड्या खिडकीशी झोपलो. एकदा पोरगं खिदळलं म्हणून त्याच्या अंगावर धावून गेलो. घरचे म्हणाले, तापट आहे. मीही तेच धरून बसलो, झोपेचं नाव कुणी काढलं नाही. थर्ड का सोडली नाही विचारशील, तर भत्त्यावर बहिणीचं लग्न झालं. त्याचं मला वाईट वाटत नाही. पोराचं वाटतं. तो अजून माझ्यासमोर मोठ्यानं हसत नाही.

म्हणून सांगतो, उजेड बघ. पाळीच्या पहिल्या निम्म्यात लख्ख उजेडात थांब. सुटल्यावर टोपी, काळा चष्मा. पेंग येत असली तर गाडीला हात लावू नको, बसनं जा. गोळ्यांचं डॉक्टरला विचार, मित्राला नको. नोकरी सोडायचीच तर महिनाभर नीट झोपून मग ठरव. झोपमोड झालेल्या डोक्यानं राजीनामे लिहू नयेत, मी दोन लिहून फाडलेत.

रविवारी घरी ये. काळं जाड कापड पडलंय, खिडकीचं माप घेऊन ये.

तुझा काका